सुनेच्या हाताखाली

कोळशावरचं वीजघर बंद झालं, तेव्हा बॉयलरवाल्या काकांच्या निवृत्तीला अजून बराच अवकाश होता. घरी बसून माशा मारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी पवनचक्की दुरुस्तीच्या वर्गात नाव घातलं. तिथे शिकवायला त्यांचीच सून होती. शेजारी हसले, तर काका म्हणाले, "शिकायला कसली आलीय लाज!"

पण उंच शिडीच्या परीक्षेत अर्ध्यावरच खाली पाहून ते घाबरले आणि उतरून आले. सुनेनं सगळ्यांदेखत त्यांना नापास केलं. रात्री काका अर्ध्या जेवणावरून उठले.

"बाबा, रागावलात?"

"स्वतःवर रागावलोय. पास केलं असतंस, तर तुझ्यावर रागावलो असतो."

मग रोज सकाळी वर्ग भरायच्या आधी ते कमरेला पट्टा बांधून शिडी चढू लागले, कालच्यापेक्षा थोडं वर. भीती काही गेली नाही, तीही त्यांच्याबरोबर चढायची. पुढच्या परीक्षेला ते थेट टोकाला पोचले.

"शाब्बास बाबा! आता सावकाश उतरा," सून खालून ओरडली.

"थांब गं! एवढ्या कष्टानं आलोय, जरा वारा तरी खाऊ दे!"

महिन्याभरात ते पवनचक्कीवर कामाला लागले.