दादाचं गप्प राहणं

कारखान्यात त्यांना सगळे दादाच म्हणत. हुद्दा मुख्य अधिकाऱ्याचा, खोली वरच्या मजल्यावर. पण तेल शुद्ध करणाऱ्या त्या कारखान्यात ते लागले होते साधे ऑपरेटर म्हणून, कंट्रोल रूममध्ये. असा माणूस वर गेला की खालच्यांना वाटतं, आपलं कुणीतरी वर बसलंय. वरच्यांना वाटतं, बरं झालं, खालच्यांना समजवायला माणूस मिळाला. मधल्याला मात्र इकडे आड, तिकडे विहीर.

धाकटा भाऊ त्याच कारखान्यात, बाहेर पाइपांमध्ये, हेल्मेट घालून. तरुणपणी दोघं एकाच पाळीत असत. दादा आत पडद्यांसमोर, धाकटा बाहेर. बाहेरच्याने वॉकीटॉकीवर सांगायचं, "अमुक वाल्व उघडतोय." आतल्याला खटकलं तर त्याने "थांब" म्हणायचं. काहीच आलं नाही, तर जरा वाट बघून वाल्व उघडायचा. नियमाच्या पुस्तकात हे बसत नव्हतं. आतल्याने "उघड" म्हणायलाच हवं होतं. पण वॉकीटॉक्या जुन्या, खरखरणाऱ्या, आणि दादांनीच ही सोपी सवय पाळीला लावली. पुढे अख्खा कारखाना तसाच बोलू लागला.

दोघा भावांनी तर ती घरीही आणली. "दादा, घरावर मजला चढवतोय." दादा गप्प. मजला चढला. "दादा, मेहुण्याबरोबर हॉटेल काढतोय." "थांब." हा थांबला, मेहुण्याने एकट्याने काढलं आणि वर्षभरात हात पोळून घेतले. धाकट्याने ती गोष्ट तिखटमीठ लावून साऱ्या कारखान्याला ऐकवली.

मग दिवस पालटले. गाड्या विजेवर पळू लागल्या, दूर कुठेकुठे अवाढव्य नवे कारखाने उभे राहिले, आणि यांचा म्हातारा कारखाना तोट्यात रुतला. मुख्य कचेरीतून कोटवाली पोरं आली, पडद्यावर रंगीत आलेख दाखवून गेली. दादांनी संचालकांपुढे जीव तोडून मांडलं: तळणीचं वापरलेलं तेल आणू, त्याचं डिझेल करू, निम्मी माणसं तरी राहतील. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेणं ही मोठ्या लोकांची नाही म्हणायची पद्धत असते. ठरलं असं, की भट्ट्या बंद करायच्या, टाक्या तेवढ्या ठेवायच्या आणि बाहेरून तयार इंधन आणून साठवायचं. शेअर बाजाराला कळवेपर्यंत कुणाला, अगदी घरच्यांनाही, चकार शब्द सांगायचा नाही. दादांनी मान डोलावली. नियम बरोबरच होता, म्हणून तर पंचाईत.

त्याच आठवड्यात धाकटा घरी आला. दादा स्वयंपाकघरात सिंकखाली वाकून गळका पाइप आवळत होते.

"दादा, बंदरावर गॅसचं नवीन टर्मिनल निघालंय. जहाजातून गॅस उतरवायचा. आपल्याकडची अनुभवी माणसं मागतायत. मला बोलावलंय, आणखीही बऱ्याच जणांना."

"मग?"

"पगार बरा आहे रे. पण पोरीचं कॉलेज इथं, सासूबाईंचं दुखणंखुपणं इथं. या वयात बिऱ्हाड कुठे पाठीवर घेऊ?" जरा थांबून तो वॉकीटॉकीवर बोलावं तशा आवाजात म्हणाला, "दादा, नाही म्हणून कळवतोय."

दादांच्या हातातला पाना तिथेच राहिला. तोंडातून एक शब्द निघाला की याला सगळं कळणार, आणि याला कळलं की उद्या कारखान्याला. त्यांनी मनाला समजावलं, की आपण खोटं तर बोलत नाही आहोत. मनाला काय, समजावलं तसं समजतं. ते पाइप आवळत राहिले. धाकटा वहिनीच्या हातचा चहा घेऊन शीळ घालत गेला.

बंदची बातमी दादांनी स्वतः कॅन्टीनमध्ये उभं राहून सांगितली. तोंड लपवणाऱ्यांतले ते नव्हते. बोलून झालं, पण दादांकडे कुणी पाहिलंच नाही. सगळे धाकट्याकडे बघत होते. शेवटी दारापाशी फोरमन म्हणाला, "दादा, बंदराला आम्हीही नाही म्हणून बसलो. तुमचा भाऊ म्हणाला, दादाला सांगून झालंय, दादा गप्प होता. आता तिथल्या जागा भरल्या."

तेवढ्यात मुख्य कचेरीचा फोन आला. "शाबास! एक शब्द बाहेर फुटला नाही," अध्यक्ष म्हणाले.

संध्याकाळी ते भावाकडे गेले. टाक्यांवर थोडी माणसं लागणार होती. त्यातली एक जागा तुला देतो, म्हणाले.

"नको. मी ती घेतली, तर ते म्हणतील याला आधीपासून ठाऊक होतं. आधीच कुणी माझ्याशी धड बोलत नाहीये."

"मला सांगता येत नव्हतं रे."

"ते कळतं मला. नोकरीच तशी तुझी." धाकट्याचा आवाज चढला नाही. "पण दादा, 'हे मला विचारू नकोस' एवढं तरी म्हणायचंस. मी काय ते समजलो असतो. कुणाला बोललोही नसतो."

एवढं साधं वाक्य दादांना त्या दिवशी सुचलं नव्हतं. कारखाना बंद होताना त्यांना रडू आलं नव्हतं. भावाच्या घराच्या जिन्यावर आलं.

धाकट्याने लांबच्या गावी, एका साबणाच्या कारखान्यात, कमी पगाराची नोकरी धरली. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. पण तो भांडलाच नाही. रविवारचा फोन त्याने कधी चुकवला नाही. गुडघे, रक्तदाब, तिकडची थंडी, सगळं सांगायचा. दादा फोन कानाला घट्ट धरून ऐकायचे.

एका रविवारी धाकटा म्हणाला, "दादा, पोरीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला आहे."

"अरे वा! कधी ठरलं?"

"झाला की महिना."

"छान झालं," दादा म्हणाले, आणि त्यांनी फोन बायकोकडे दिला.