जहराला जहर म्हणणारी जिजी

नंदुरबारला लेकाच्या घरी पोळ्या लाटत होते, तेव्हा पुतण्याचा फोन आला. "काकू, जिजी गयी..." एवढंच बोलला. मी म्हटलं, "कोठे गयी? पुरुषोत्तमनगरले का?" आता माझं तरी काय चुकलं? अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई घरात सापडेल तर शपथ! आज पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत, उद्या म्हसावदला, बायका गोळा करायच्या आणि चार शब्द सुनावायचे, हाच तिचा उद्योग. पलीकडे पोरगा हुंदके द्यायला लागला, तेव्हा कळलं की या वेळी ती परतायची नाही. आंघोळ झाली, वेणी घातली, ओट्यावर मेथी निवडायला बसली आणि अर्धी जुडी निवडून झाल्यावर भिंतीला मान टेकली. खाट धरली नाही की कुणाकडून सेवा करून घेतली नाही. मी खूप रडले. पण खरं सांगते, रडता रडता छाती अभिमानानं फुगलीही होती.

जिजी माझी थोरली जाऊ. मी रनाळ्याहून सून होऊन तापीकाठच्या या घरात आले, तेव्हा ती पाच वर्षं आधीची. शेती कापसाची आणि केळीची. जिन्याखाली फवारणीचे पंप आणि त्यांना खेटून पिठाचा डबा. किडीवर मारायच्या जहराला आमच्याकडे सगळे औषधच म्हणत. "औषध माराले गयात," असं आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो, जणू कुणाची सेवाच करायला गेलेत! पुरुष संध्याकाळी यायचे ते तसेच जेवायला बसायचे, लेकरांना मांडीवर घ्यायचे. ते कपडे आम्ही बाळाच्या दुपट्यांसोबत एकाच टबात धुवायचो. आणि रिकामे डबे? घट्ट झाकणाचे, धरायला मूठ असलेले! राखेनं घासले की त्यात तूरडाळ, तेल, वावरात न्यायचं पाणी... चांगला डबा निघाला की जावाजावांत भांडण ठरलेलं. आम्ही काही अडाणी नव्हतो हो, मी दहावी पास होते. पण ज्याला औषध म्हणायचं, त्याची भीती कशी वाटणार?

जिजी चाळिशीला टेकली आणि तिच्या अंगावरून जाणं थांबेना. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस. चेहरा पांढराफटक, जिना चढताना तीनदा बसायची. एका दवाखान्यात सांगितलं, गर्भाची पिशवी काढून टाका, मोकळ्या व्हा. आमच्या गल्लीत कितीतरी जणी अशा मोकळ्या झालेल्या होत्या, आणि तिशी-पस्तिशीतच कंबर धरून, घामाघूम होऊन ओट्यावर बसलेल्या दिसायच्या. जिजी उसळली. "मन्ही पिशवी काय खतनी गोणी शे? रिकामी व्हयनी की फेकी द्या?" मग आम्ही दोघी नंदुरबारला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पोटाआधी घराची चौकशी केली. काय धुता, कशात साठवता, काय फवारता... जिजी सांगत गेली आणि बाई लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, "यातली काही जहरं बाईच्या शरीरातल्या हार्मोन्सची घडी बिघडवतात. तुमचा त्रास त्यानंच झाला, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. तपासण्या करू, गोळ्या देते. पण ते सगळं घराबाहेर काढा. तुमच्यासाठी आणि घरातल्या पोरींसाठीही."  परतताना गावाच्या फाट्यावर एसटीतून उतरलो, तेव्हा जिजी म्हणाली, "बाईनी जहर म्हणं, ऐकं का तू? औषध नही म्हणं."

झालं, त्या संध्याकाळपासून घरात महाभारत! जिजीनं फर्मान काढलं : या घरात कुणी औषध म्हणायचं नाही, जहर म्हणायचं. पंप वावरातल्या मोटरघरात. फवारणारा तिथंच आंघोळ करील, कपडे तिथंच वेगळे धुवील, मगच उंबरा ओलांडील. नाना, म्हणजे तिचे यजमान आणि माझे थोरले दीर, मिशीत हसले. "मंग पीक काय तुन्ही आरती करीसन वाचाडू?" जिजी म्हणाली, "पीक तुम्ही वाचाडा. घर मी वाचाडस."

पहिला तडाखा मलाच बसला. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेले होते, भावानं येताना घाण्याचं शेंगदाण्याचं तेल दिलं. कशात? धुतलेल्या फवारणीच्या डब्यात. जिजीनं झाकण उघडलं, डब्यावरचं कवटीचं चित्र पाहिलं आणि खड्डा खणायला लावून अख्खं तेल मातीत घातलं! माझ्या डोळ्यांदेखत! मी आठ दिवस तिच्याशी अबोला धरला. माझ्या भावाच्या मायेला खड्ड्यात घालते म्हणजे काय? नवव्या दिवशी माझ्या ताटात भाकरी वाढताना म्हणाली, "तुन्हा भाऊनी माया तेलमा व्हती, डबामा नही. त्याले सांग, पुढला साल बरणीमा धाड." मला हसू फुटलं आणि अबोला संपला. पुढच्या आखाजीला चिनी मातीची बरणी आली, तीही दोन! एक जिजीच्या नावानं.

नाना मात्र बधेनात. बायकोची चेष्टा करायची म्हणून ते मुद्दाम मोठ्यानं जहर जहर म्हणू लागले आणि तिथंच फसले. एकदा भर दुपारी वावरातून आले, तसेच पाटावर बसले, भाकरीला हात घातला आणि तोऱ्यात म्हणाले, "जहर मारीसन उनू. वाढ." म्हणाले खरे, पण तो हात भाकरीवर तसाच राहिला. स्वतःचे शब्द स्वतःच्या कानांनी ऐकले ना! बोटांकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या धाकट्या लेकीच्या ताटाकडे पाहिलं. उठले आणि पायी वावरात गेले, आंघोळीला. जिजीनं ती भाकरी उचलली आणि नवी थापायला घेतली. त्या हंगामात मोटरघराशेजारी पत्र्याची न्हाणी उभी राहिली. ती नानांनीच बांधली.

मग काय, जिजी सुटलीच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं वाण म्हणून बरण्या ठेवल्या, पण अट अशी की घरातला एक जहराचा डबा आणायचा तेव्हाच बरणी मिळेल. नटूनथटून आलेल्या बायका हातमोजे घालून, खिळा-हातोडी घेऊन डब्यांना भोकं पाडत बसल्या, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून. काय हशा, काय उखाणे! नवऱ्याचं नाव घ्यायचं आणि घाव घालायचा! कपाटातल्या डांबरगोळ्या गेल्या, तिथं कडुलिंबाचा पाला आला. डाळीला पावडर चोळणं गेलं, एरंडेल आलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत उकळता चहा देणाऱ्याला तिनं किटलीच दिली. मात्र स्वतःची वासाची पावडर सोडताना रडकुंडीला आली होती. "एवढी एक ऱ्हाऊ दे ना व," म्हणून माझीच विनवणी केली. मी म्हटलं, "नही. तुन्हाच कायदा शे." सूड घ्यायची तेवढीच संधी मिळाली मला.

तिचं अंगावरून जाणं हळूहळू थांबलं. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या होत्या, लोहाचं औषध होतं, सगळं श्रेय एका गोष्टीला देऊन मी खोटं बोलणार नाही. पण पिशवी शाबूत राहिली, पाळी तिच्या वेळेला गेली, आणि सत्तरीत ही बाई पापडांची परात घेऊन गच्चीवर चढायची. गावातल्या पोरी आता मोकळ्या होण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला विचारतात. ही तिची कमाई.

दिवसकार्य झालं, तरी मी गावीच थांबले. मनात एक भीती होती, खरंच होती. मालक गेला की कायदा जातो. नातसून सात महिन्यांची पोटुशी आहे. आता दटावणारं कुणी नाही, उशीर झाला, पाऊस आला, कंटाळा आला, की नातू तसाच घरात येणार आणि चाळीसेक वर्षांची मेहनत मातीत जाणार... गेल्या आठवड्यात कपाशीवर या हंगामातली पहिली फवारणी होती. मी सकाळपासून ओट्यावर. नाना खाटेवर. दोघंही रस्त्याकडे बघतोय आणि दोघंही दाखवतोय की बघत नाही.

नातवाची मोटारसायकल आली. ओले केस, धुतलेला सदरा, फवारणीचे कपडे नाहीत, डबा नाही. नानांनी विचारलं, "कोनी सांगं रे तुले, आंघोळ करीसन ये म्हणीसन?" पोरगा गोंधळला. म्हणाला, "सांगाले काय पाहिजे, आजा? सगळाच असं करतस ना!" आणि बायकोला हाक मारत आत गेला.

 नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "दिखनं का? जिकी गयी ती."

थोरल्या दिरांसमोर मी जन्मात तोंड वर करून बोलले नव्हते. ती जिंकली, हे त्यांच्या तोंडून ऐकलं आणि त्या दिवशी बोलले. "तुम्हले आज समजनं का, नाना?"