कोनाड्यातला हिरवा पेला

माझ्या सबंध आयुष्यात मला बसलेले धक्के एका रांगेत मांडले, तर त्यातले निम्मे तुमच्या आजोबांच्या एकट्या मावसभावाने दिलेले निघतील. उरलेल्या निम्म्यांत दोन बाळंतपणं, उशीखाली निघालेला एक विंचू आणि तुमच्या बाबाने तिकडेच राहायचं ठरवलं ती बातमी, एवढं सगळं येतं. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून हे नीट लिहून ठेवते आहे.

हे भाऊजी आंजीला राहत. विहिरीचं ओलीत, म्हणजे बागायत, होतं, त्यावर वांगी, फुलकोबी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, लावत. भाजीच्या टोपल्या घेऊन ते नागपूरला जात आणि येताना त्याच टोपल्यांत, कुटारात पुरून, जुनी काच घेऊन येत. कुटार म्हणजे गुरांना घालायचा भुसा. जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या बंगल्यांचं सामान येई. त्यातल्या हंड्या, झुंबराचे सुटे लोलक, अत्तराच्या कुप्या, गोटीच्या सोड्याच्या बाटल्या, साहेबलोकांचे पेले हे सगळं आंजीच्या घरात धान्याच्या कोठीवर, देवघराच्या फळीवर, एकदा तर पाळण्यातसुद्धा ठेवलेलं मी पाहिलं. पाळण्यात मूल होतं. ते बरण्यांच्या मधोमध निवांत झोपलं होतं.

काच पारखायची त्यांची रीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी भर बाजारात पदर तोंडाला लावला. आधी ते पेल्याला नखाने टिचकी मारून कानाशी धरत. मग उन्हात धरून आतले बुडबुडे पाहत. इथवर ठीक होतं. त्यानंतर ते तो पेला, कुठून आलेला, कुणी उष्टावलेला, कसलाही विचार न करता जिभेने चाटत. "जिभेले थंडगार लागला त जुना, वैनी," असं त्यांनी मला समजावलं आणि मीही चाटून पाहावं म्हणून पेला पुढे केला. मी पाणी उकळून पिणारी बाई. मी त्या दुकानातून जी निघाले ती थेट बसस्टँडवर जाऊन बसले.

रोकड पैसा त्यांच्याजवळ फारसा नसे. पण तो काळ स्टीलचा होता. ज्याला त्याला घरातली जुनी काच, चिनीमाती काढून लखलखीत स्टील हवं होतं. भाऊजी उलट दिशेने निघाले. घरातलं स्टील नेत आणि त्याच्या बदल्यात लोकांची काच आणत. आमच्या जाऊबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, लग्नात आलेले, नावं कोरलेले पेले, वाट्या, डबे असे एकेक करून घराबाहेर पडले. एकदा अमरावतीला जाताना कारंजा घाडग्याच्या एका ढाब्यावर आमच्यापुढे पाणी आलं. पेल्यावर 'सप्रेम भेट' लिहिलेलं होतं आणि खाली माझं स्वतःचं नाव होतं. ढाबेवाला म्हणाला, आंजीचे एक पाहुणे डझनभर देऊन गेले आणि गोळ्या-बिस्किटांची जुनी बरणी घेऊन गेले. माणूस येडा वाटला, पण चांगला होता. आजोबा हसून हसून रडले. मला मात्र ते पाणी गिळवेना.

केळझरच्या गणपतीला त्यांनी एकदा जेवण घातलं. पंगतीत मठ्ठा आला तो उंच देठाच्या, नाजूक, कमळाच्या कळीसारख्या पेल्यांतून. ते पेले कशाचे, हे सगळ्या पंगतीत इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटी जाणत होते. माझ्या शेजारी सोवळ्यातल्या एक आजी त्यातून घोट घोट मठ्ठा पीत होत्या आणि दर घोटाला "वा" म्हणत होत्या.

पण खरा धक्का पुढेच होता, आणि त्यात त्यांच्या सुमनचं आयुष्य पणाला लागलं होतं. सुमन त्यांची एकुलती मुलगी, मॅट्रिक झालेली, गोरीगोमटी, शांत. दोन स्थळं तिच्या बापाच्या कीर्तीमुळे येऊन परत गेली होती. तिसरं कारंज्याचं आलं. घरी संत्र्याची बाग, मुलगा पाटबंधारे खात्यात नोकरीला. मुलाने सुमनला पाहिलं, पसंत केलं. आता फक्त बोलणी पक्की करायची, म्हणून आम्ही चौघं तिकडे गेलो. बसमध्ये जाऊबाईंनी नवऱ्याकडून कबूल करून घेतलं, की कोणत्याही भांड्याला हात लावायचा नाही.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, कारण ती तुमच्या कानावर आली नसेल. त्या काळी पुष्कळ घरांच्या ओसरीवर, बाहेरच्या बाजूला, एका कोनाड्यात एखादा काचेचा पेला नाहीतर चिनीमातीचा कप उपडा घातलेला असे. ज्यांचा विटाळ मानत, त्यांच्यासाठी तो. शेतावर राबणारी ती माणसं त्यातून पाणी पीत, स्वतःच विसळून परत तिथे ठेवत. घरातलं कुणी त्याला शिवत नसे. असं का, हे कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे.

कारंज्याच्या त्या ओसरीवर मानपानाचं बोलणं अगदी रंगात आलं होतं. मुलाचे वडील साड्यांचं काहीतरी सांगत होते. भाऊजी ऐकता ऐकता उठले. कोनाड्याशी गेले. तिथला पेला उचलला. जाड, हिरवट, पैलू पाडलेला पेला. त्यांनी टिचकी मारली, कानाशी धरला, उन्हात फिरवला. आणि मग, बाळांनो, त्यांनी तो चाटला.

भाऊजींनी रांजणातलं पाणी त्यात ओतून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं पिऊन टाकलं. मुलाचे वडील साडीवरच अडकले. बाजेवर बसलेली मुलाची आजी शेवटी म्हणाली, "पाहुणे, तो गिलास आपल्या लोकाइसाठी नाई."

"मंग इतला साजरा गिलास भाईर काऊन ठेवला?" भाऊजींनी विचारलं.

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं. मग एक निराळाच पेच पडला. घरच्या पाहुण्याने तोंड लावलं, म्हणून तो पेला आता कोनाड्यात ठेवता येईना. आणि कोनाड्यातला, म्हणून घरात घेता येईना. आजीबाईंनी बराच विचार करून निकाल दिला, की ज्याने उचलला त्याने घेऊन जावा. अशा रीतीने आम्ही मुलीची सोयरीक ठरवायला गेलो आणि पेला घेऊन परत आलो.

बसमध्ये जाऊबाई खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. तुमचे आजोबा चिडून पुढच्या बाकावर जाऊन बसले होते. भाऊजी मांडीवरचा पेला उपरण्याने पुसत होते. अर्ध्या वाटेत त्यांचा हात थांबला. चेहरा एकदम उतरला. "वैनी," ते हळूच म्हणाले, "सुमीचं त राहूनच गेलं का वं?"

त्यानंतर कारंज्याहून निरोप नाही. भाऊजींनी जुन्या बाजारात जाणं सोडलं. टोपल्या नागपूरला जात आणि रिकाम्या परत येत. सुमनने तो हिरवा पेला धुऊन माठावर ठेवला आणि घरात सगळे त्यातूनच पाणी पिऊ लागले. नांगरायला येणारे गडीसुद्धा. जाऊबाईंनी कुरकूर केली, पण घरात दुसरा पेला देणार तरी कुठला? स्टील सगळं संपलेलं होतं आणि बाकीची काच भाऊजींनी कुटारात पुरून ठेवली होती.

हिवाळ्यात हुरडा खायला आम्ही आंजीला गेलो होतो, तेव्हा भर दुपारी मुलाचे वडील अचानक दारात उभे राहिले. मुलगा दुसरी मुलगी पाहायलाच तयार नाही, असं ते जरा रागानेच म्हणाले. सुमन पाणी घेऊन आली. तिच्या हातात तोच पेला होता. जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले. पाहुण्यांनी पेला ओळखला. घेण्यासाठी निघालेला हात मध्येच थांबला.

सुमनने मान खाली घातली नाही. "घ्या ना, मामाजी," ती, सासऱ्याला म्हणतात तसं, म्हणाली. "आमच्या घरी सारेच यातून पेतात."

मग त्यांनी पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायले. रिकामा पेला परत देताना एवढंच म्हणाले, "विहीर गोड्या पान्याची आहे तुमची." भाऊजी उठून वाडीत गेले ते बराच वेळ आले नाहीत.

उन्हाळ्यात लग्न झालं. पेला सुमनबरोबर कुटारात बसून कारंज्याला परत गेला आणि आत माठाजवळ राहिला. आजीबाई शेवटपर्यंत त्यातून प्यायल्या नाहीत, पण त्यांनी तो पुन्हा बाहेरही ठेवू दिला नाही.

काही वर्षांनी सुमनच्या धाकट्याच्या हातून तो फुटला. भाऊजी तेव्हा आजारी होते. त्यांना सांगायचं काम नेहमीप्रमाणे माझ्यावर आलं. मी घाबरत घाबरत सांगितलं.

"पानी पेतानाच फुटला ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मंग बरं झालं. ठेवून ठेवून फुटला असता त जिवाले लागलं असतं."

ते गेल्यावर उरलेली सगळी काच जाऊबाईंनी माझ्याकडे पाठवली. माझ्याकडे व्यवस्थित राहील म्हणून. खरंच व्यवस्थित आहे. कपाटाला कुलूप आहे, दर महिन्याला मी एकेक पुसून ठेवते. तुम्ही याल तेव्हा मात्र यातूनच पाणी प्या. फुटलं तर मी काही बोलणार नाही.

परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. मी त्यातला एक पेला काढला, साबणाने धुतला, स्वच्छ फडक्याने पुसला, दार लावलेलं आहे ना ते एकदा पाहून घेतलं, आणि तो जिभेला लावला.

थंडगार लागला.