समुद्राजवळचं घर मी मागितलं

घर विकणे आहे, ही जाहिरात मी फोनवर तीन वेळा वाचली आणि मगच नवऱ्याला ऐकवली. समुद्रापासून चालत दहा मिनिटं, जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, शंभरेक वर्षांचं जुनं, आवारात विहीर. जालन्यातल्या मस्तगडात, आमच्या दोन खोल्यांत ते खाटेवर बसून दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "जालन्याहून समुद्र किती लांब हाय, म्हाईत हाय का?"

"म्हाईत हाय. म्हणूनच जायचंय," मी म्हटलं.

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, कंपनीच्या सहलीत, आणि तेव्हाही अर्धा वेळ डबे वाटण्यात गेला. पण खरं सांगायचं तर समुद्र हे निमित्त. एकतीस वर्षं बियाण्यांच्या कारखान्यात मी तपासणीच्या खोलीत काम केलं. ओल्या कागदात बी गुंडाळायचं आणि चार दिवसांनी उलगडून बघायचं, उगवलं की नाही. हाताखालून इतकं बी गेलं, पण स्वतः कुठं रुजायचं हे मला कधी कुणी विचारलं नाही. आधी हसनाबादला वडिलांचं घर, मग इथं सासऱ्यांचं. दोन्ही घरं चांगली होती, पण दोन्ही दुसऱ्यांनी ठरवलेली. याचा मला राग होता, आणि साठी आली तरी तो निवला नव्हता. निवृत्तीचा फंड हातात आला तेव्हा मी ठरवलं की हे घर घ्यायचंच.

नवरा घर बघायला बरोबर आले, पण खुसपटं काढायला. त्यांचा जन्म एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये गेलेला. घराची पडवी, फणसाच्या लाकडाचे खांब, माजघराच्या दारावरची निळी-लाल तावदानं, यातलं त्यांना काही दिसलं नाही. खिडक्यांचे गज तेवढे दिसले. नखानं खरवडून म्हणाले, "सगळं गंजून राह्यलंय. खाऱ्या वाऱ्यात तुझे गुडघे बी गंजतील." मी ऐकलं न ऐकलंसं केलं. मला त्या कोब्याच्या थंडगार जमिनीवर अनवाणी चालायचं होतं आणि मी चालत होते.

घराचे मालक सत्तरीचे, निवृत्त पोस्टमन. मुलं लांब पांगली होती आणि मालकांना स्वतःला मुलीकडे राहायला जायचं होतं. तोवर ते शेजारी भावाकडे राहत होते. दोन गिऱ्हाइकं त्यांनी आधीच परत पाठवली होती. मला म्हणाले, "ताई, व्यवहाराचं मागाहून बोलू. आधी चार दिवस राहून बघा. घर तुम्हाला मानवतंय का, आणि तुम्ही घराला."

आता आमच्या जालन्याचं सांगते. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. ज्या दिवशी येईल त्या दिवशी घरातलं पोकळ असेल ते भरायचं, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. आम्ही त्या घरात राहिलो, आणि पहिल्याच सकाळी मालकांनी विहिरीवरचा पंप सुरू करून दिला आणि ते गेले. मग मी काय करणार? घागरी भरल्या, बादल्या भरल्या, पातेली भरली, मागच्या पडवीतली दोन रिकामी पिंपं भरली, शेवटी पिठाचा डबाही रिकामा करून भरला. नवरा बादल्या वाहत होते. लग्नानंतर इतक्या एकदिलानं आम्ही दुसरं काही केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आले. पिंपांकडे बघितलं. एक पिंप कलंडवलं आणि सगळं पाणी माडाच्या बुंध्याशी सोडून दिलं. मग दुसऱ्याला हात घातला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, पाणी हाय ते! फेकून काय राह्यले? अक्कल हाय का न्हाई?" मी इतक्या जोरात ओरडले की कुंपणापलीकडची बाई काम सोडून बघत राहिली. ज्यांच्याकडून घर घ्यायचं, त्यांनाच अक्कल विचारली होती. नवरा हळूच म्हणाले, "झालं. घर गेलं." आवाजात दुःख मुळीच नव्हतं.

मालक रागावले नाहीत. मला विहिरीवर घेऊन गेले. "खाली बघा. काल तुम्ही एवढं काढलंत, आज पुन्हा तेवढंच आहे. साठवलेल्या पाण्यात डास होतात. आणि विहीर रोज उपसली नाही तर तिचं पाणी खराब होतं. घराचंही तेच. दोन पावसाळे कुलूप राहिलं की वाळवी लागते, भिंतींना बुरशी येते. म्हणून कुलूपवाल्यांना मी घर देत नाही. तुम्ही इथं राहणार ना?"

मी तोंड उघडायच्या आत नवऱ्यानं उत्तर दिलं. "येत जाऊ की दिवाळीला, उन्हाळ्यात. बाकी मंग कुलूपच."

मालकांचा चेहरा उतरला. "मग नको," ते म्हणाले आणि घराकडे वळले.

आमचं ठरलं होतं तसंच नवरा बोलले होते. सणासुदीला यायचं, एरवी बंद. पण त्या क्षणी मला कळलं की असं कुलूप लावून ठेवायला हे घर मला मिळणार नाही, आणि तसं मिळालं तर ते माझं होणारही नाही. चौतीस वर्षांत या माणसाला सोडून मी बाळंतपणापुरती काय ती राहिले होते.

"थांबा," मी म्हटलं. "मी राहीन. बारा महिने."

नवरा म्हणाले, "आन मी?"

"तुमचं तुम्ही ठरवा. माझं मी ठरवलंय."

मालकांनी विचारलं, "एकट्या राहाल?"

"राहीन. आन मघाशी बोलले त्याची माफी करा. पाणी सांडताना बघवत न्हाई."

ते हसले. "त्यासाठीच तर देतोय. दोन बादल्या पाण्यासाठी भांडणारं माणूस विहीर टाकून जायचं नाही."

परतीच्या प्रवासात जालना येईपर्यंत मी तोंड खिडकीकडेच ठेवलं. रडू येत होतं, पण ते पाहिलं असतं तर नवऱ्याला वाटलं असतं की मी माघार घेतेय. खरेदीखताच्या वेळी कारकुनानं विचारलं, नावं कुणाकुणाची? नवरा घुश्शात म्हणाले, "हिचंच लिवा. मला थोडंच राहायचंय तिथं." कारकुनानं लगेच लिहून टाकलं. नंतर त्यांना ते थोडं लागलं असावं, पण बोलायची सोय राहिली नव्हती.

जूनच्या आधीच मी राहायला आले. पहिला पावसाळा सोपा गेला नाही. कपडे वाळत नव्हते, जालन्याहून आणलेल्या ज्वारीला जाळी धरली, आणि पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसलं नाही. फोनवर नवरा रोज विचारायचे, "येतीस का परत?" मी रोज म्हणायचे, "न्हाई."

गणपतीच्या आधी एका दुपारी फाटक वाजलं. बाहेर नवरा उभे, हातात पिशवी, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. पडवीच्या पायरीपाशी त्यांनी चपला काढल्या. एक पाय वर टाकला आणि परत खाली घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "येऊ का आत?"

चौतीस वर्षं मी त्यांच्या घरात राहिले होते. मी पुढं होऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"या," मी म्हटलं. "पाय धुऊन या."