गोळीवरची शिंक

१४ मार्च, गुरुवार. सकाळी पाणी कमी दाबानं आलं. दुपारी सुनेचे साहेब घरी येऊन गेले. ते गेल्यावर खुर्ची ओल्या फडक्यानं पुसून घेतली.

माझ्या सुनेला कामावर सगळे ‘भिंग’ म्हणतात. घड्याळजीची मुलगी. पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा तिला माझ्याआधी माझ्या कपाची चीर दिसली होती. गेली अकरा वर्षं ती प्रयोगशाळेत मोहरीएवढ्या पोकळ गोळ्या घासते. आत इंधन भरून गोळीवर चहूबाजूंनी लेसर सोडतात. ती दबून आत मिटली की ताऱ्यासारखी पेटावी, असा बेत. पण वर धुळीच्या कणाएवढा उंचवटा राहिला तरी दबताना तो वाढत जातो, सुळ्यासारखा आत घुसतो आणि पेटण्याआधीच सगळं थंड. हे उंचवटे कमी करायची नवी रीत तिनं बसवली होती. त्या रीतीनं घासलेली एकच गोळी तपासणीत उतरली. सोमवारी तिचा प्रयोग होता.

प्रयोग पाहायला कोणी बडे गृहस्थ आले. त्यांच्या फोटोसाठी साहेबांनी डबी उघडली आणि पाहुणे थेट गोळीवरच शिंकले.

“पुसून घाल आत,” साहेब म्हणाले.

“पुसली तर चरे पडतील, सर. आज नको.”

“अगं, पाहुणे काय सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेत? सरक, मी घालतो.”

घातली असती तर प्रयोग फसला असता आणि खापर नव्या रीतीवर फुटलं असतं. सुनेनं गोळी बोटावर घेतली आणि त्यांच्यादेखत अंगठ्यानं चिरडली.

आज हे साहेब गाडीच्या किल्लीनं दात कोरत माझ्यासमोर बसले होते. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी त्यांना कोपऱ्यात उभं केलं असतं.

“आई, तुम्ही समजवा तिला. ‘हातून पडली’ एवढंच लिहून द्यायचं. शिंकेचं नाव नको. नोकरी शाबूत.”

“तुमच्या डोळ्यांदेखत चिरडली ना हो?”

“कागदाला कुठे डोळे असतात!” म्हणून हसले. मला शिसारी आली. शिंक काय, कोणालाही येते.

सून आतून आली. “लिहिते, सर. शिंकेसकट लिहिते.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

“आणि रीत?”

“ती आहेच की आमच्याकडे. पुढच्या महिन्यात दुसरी गोळी करू.”

“करा. डबी उघडताना तेवढं पाहुण्यांच्या तोंडाला फडकं बांधा.”

चहा तसाच टाकून गेले. तिचं पत्र संध्याकाळी रवाना झालं, शिंकेसकट.

उद्यापासून डबा एकच भरायचा, मुलाचा.