साहेबांना हवा होता थंड समुद्र

"रामटेके, यातलं सगळ्यात थंड कोणतं?"

साहेबांनी ॲटलास माझ्याकडे सरकवला. होळी नुकतीच झाली होती. आमच्याकडे होळी झाली की कूलर बाहेर निघतात. आलापल्लीच्या ऑफिसातला कूलरही निघाला होता, पण टाकीत पाणी घालायचं कुणाच्या लक्षात नव्हतं, त्यामुळे तो नुसती गरम हवा फेकत होता. साहेबांनी चीनच्या किनाऱ्यावरच्या तीन शहरांभोवती लाल पेन्सिलीने गोल केले होते. वर दालियान, मध्ये चिंगताओ, खाली श्यामेन.

"थंड म्हणाल तर दालियान, सर. सगळ्यात उत्तरेला आहे. पण आपलं काम श्यामेनला आहे."

"कामाचं नंतर बघू," साहेब म्हणाले. "आधी हवामान."

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. आता मी रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली, पण हे वाक्य आठवलं की अजून डोकं तापतं.

मी तेव्हा एका सरकारी बांबू केंद्रात मेंटेनन्स इंजिनिअर होते. म्हणजे बंद पडलेलं मशीन चालू करायचं आणि ते पुन्हा बंद पडलं की शिव्या खायच्या. केंद्रात आजूबाजूच्या गावांतल्या बायका कोयत्याने बांबू फोडून कामट्या काढायच्या. त्या कामट्यांच्या चटया व्हायच्या. हात कापायचे, माल कमी निघायचा. म्हणून वरच्या ऑफिसने चीनहून बांबू फोडायचं मशीन मागवलं. त्याचं पातं चांदणीसारखं असतं. बांबू एका बाजूने ढकलला की दुसऱ्या बाजूने सारख्या मापाच्या कामट्या बाहेर पडतात.

मशीन बसवायला कारखान्याचा लिन नावाचा मेकॅनिक आला होता. मशीन बसवायचं, चालवून दाखवायचं आणि सही घ्यायची, याला कमिशनिंग म्हणतात. त्या दिवशी मोठे पाहुणे येणार होते. साहेबांनी मुद्दाम निवडक माल आणवला, जाडजूड, आतून पोकळ कटांग बांबू. पाहुण्यांपुढे नेहमीचा माल ठेवायचा नाही, ही आमच्याकडची पद्धत. मशीन झक्क चाललं, हार-तुरे झाले, फोटो निघाले आणि लिन गेला. दुसऱ्या आठवड्यात आम्ही आमच्या जंगलातला रोजचा बांबू घातला. हा बारीक आणि जवळजवळ भरीव असतो. पातं अडकलं, मोटर तापली आणि मशीन बसलं ते बसलंच.

मॅन्युअल चिनी भाषेत होतं. कारखान्याला आम्ही इंग्रजीत पत्रं पाठवली, तर उत्तरादाखल चिनीतलाच रंगीत कॅटलॉग आला. शेवटी मी नागपूरहून एक पुस्तक आणि कॅसेट आणली आणि घरी चिनी शिकायला बसले. आई म्हणायची, "नोकरी लागली तवा बरी होती पोरगी." रोजचे शब्द येऊ लागले, पण मॅन्युअल वाचण्याइतकं काही जमेना.

वरून तंबी आली होती. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मशीन चाललं नाही, तर ते दुसऱ्या जिल्ह्यात हलवणार आणि केंद्र बंद करणार. केंद्र बंद झालं तर बायकांनी काय करायचं, याबद्दल त्या कागदात एक अक्षर नव्हतं.

अशा वेळी दिल्लीहून सर्क्युलर आलं. चीनशी पुन्हा येणं-जाणं सुरू झालं होतं. चिनी भाषेच्या उन्हाळी वर्गासाठी आमच्यासारख्या केंद्रांतून एकेक माणूस पाठवायचा होता. वर्ग तीन शहरांत होते, त्यातलं एक आपण निवडायचं. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, कोण जाणार? सगळे टेबलाकडे बघू लागले.

"चीनला?" अकाउंट्सचे वैद्य म्हणाले. "बासष्ट साल विसरले का तुम्ही? अन् खायचं काय तिथी?"

मी हात वर केला. साहेब हसले. "तुम्हीच जा. तुम्हाला नाहीतरी ती चित्रं काढायला आवडतात." त्यांनी माझं नाव पेन्सिलीने लिहिलं.

चहाच्या वेळेपर्यंत वैद्यांनी ॲटलास उघडून तिन्ही शहरं समुद्रकाठी असल्याचा शोध लावला. आणि ऑफिसचा सूरच बदलला. आमच्याकडे समुद्र पाहिलेली माणसं बोटावर मोजण्याएवढी. पुढे एप्रिल-मे आ वासून उभे. अशा माणसांना समुद्र म्हणजे पाणी कधीच न संपणारा कूलर वाटतो. बासष्ट साल विसरायला वैद्यांना एक कप चहा पुरला. पण साहेबांनी त्यांच्याही आधी रबर उचललं. माझं नाव पुसलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं, तेही पेनने.

"सर, मशीन मी बघते," मी म्हटलं.

"वर्ग भाषेचा आहे. भाषा कोणीही शिकेल."

"मग निदान श्यामेन निवडा. लिनचा कारखाना त्याच बाजूला आहे. मागच्या डोंगरांत सगळा बांबू आहे. दालियानला बांबूचं एक बेट दिसणार नाही."

"श्यामेनला गरमी किती?"

"तेहतीस-चौतीस. पण हवा ओली असते."

"आणि दालियानला?"

"पंचवीस-सव्वीस."

"संपलं तर मग," साहेब म्हणाले. वर हेही म्हणाले की बाईमाणसाने एकटीने परदेशात, तेही समुद्राच्या काठी राहणं बरं दिसत नाही. लोहाराच्या भट्टीसारखं तापलेलं मशीन मी एकटीने उघडते, ते बरं दिसतं का, हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

अपमान इथे संपला असता तरी चाललं असतं. साहेबांनी त्यांचा फॉर्म भरायलाही मलाच बसवलं. एका रकान्यात 'भाषेचे पूर्वज्ञान' असं होतं.

"काय लिहू, सर?"

"थोडे, असं लिहा."

"तुम्हाला येतं?"

"तुम्हाला येतं ना? म्हणजे ऑफिसला येतं."

मी फॉर्म उचलला आणि शेडमध्ये जाऊन बसले.  राधाबाई पोरेटी कामट्या काढत होती. केंद्र उघडलं तेव्हापासून ती तिथे होती. तिने कोयता खाली ठेवला.

"साहेब मशीन शिकून येतीन का जी, बाई?"

"नाही. समुद्र पाहून येतील."

"मंग तुमी काऊन नाई बोलून राह्यल्या?"

"बोलले. ऐकत नाहीत."

"अजून बोला ना. तेंदूपत्ता तोडाचं काम तं पंधरा-वीस दिवसाचं रायते. बाकीचं सालभर आमी याच्यावरच जगून राह्यलो."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मलाच खाली बघावं लागलं.

फॉर्म पुरा करायला सर्क्युलर पुन्हा हातात घेतलं. पहिलं पान सगळ्यांनी वाचलं होतं, त्यावर शहरं होती. दुसरं पान उलटायची तसदी कुणी घेतली नव्हती. मी उलटलं. वर्ग जुलै-ऑगस्टचा होता.

मी सरळ केबिनमध्ये गेले.

"सर, प्रवासाची तारीख काय लिहू?"

"एप्रिलचा शेवट. शाळांना सुट्टी लागली की मिसेसना आणि मुलांनाही नेतो. स्वतःच्या खर्चाने हं."

"वर्ग जुलैत सुरू होतो."

"उन्हाळी वर्ग जुलैत कसा सुरू होईल?"

"त्यांचा उन्हाळा तेव्हा असतो."

"जुलैत पाऊस असतो, रामटेके."

"इथे असतो, सर."

 ज्याचं सगळं आयुष्य चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात गेलं, त्याला उन्हाळा जगात दुसऱ्या कुठल्या महिन्यात येऊ शकतो हे पटायला वेळ लागतो. मी सर्क्युलरचं दुसरं पान त्यांच्यासमोर धरलं.

"म्हणजे मे महिन्यात मी इथेच?"

"हो, सर."

"आणि इथे गार पडल्यावर मी तिकडे जायचं? शाळा सुरू असताना? एकट्याने?"

"हो. आणि रोज सकाळी वर्ग, शेवटी परीक्षा. तेही याच पानावर आहे."

त्यांनी ॲटलास मिटला. वैद्यांना बोलावून त्यांनाही विचारलं. जुलैत ऑडिट असतं, असं वैद्यांना एकाएकी आठवलं. मग साहेबांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "जा तुम्ही. शहर तुम्हाला हवं ते घाला."

मी तिथेच उभ्या उभ्या श्यामेन लिहिलं.

ऑर्डर आली, तिचं पहिलं वाक्य असं होतं: 'अन्य कोणीही इच्छुक नसल्याने श्रीमती रामटेके यांची निवड करण्यात येत आहे.'

मी ती घेऊन पुन्हा केबिनमध्ये गेले. "सर, हे वाक्य बदला. मशीन माझ्याकडे आहे, भाषा मी शिकतेय, ते लिहा."

"शब्दांचं काय घेऊन बसलात? जायला मिळतंय ना?"

वाक्य बदललं नाही.

श्यामेनला समुद्र होता आणि घामही होता. अंगावरचा कपडा कधी सुकायचा नाही. वर्गात एक भाषा आणि बाजारात भलतीच, आपण सिरोंच्याला उतरल्यावर सगळीकडे तेलुगू ऐकू येतं तसं. मी रोज सकाळी वर्गात बसायचे आणि सुट्टीच्या दिवशी बस पकडून लिनच्या कारखान्यात जायचे. पहिल्या भेटीत मला एकच गोष्ट धड सांगता आली, आमचा बांबू आतून भरीव आहे. लिनला ते खरंच वाटेना. त्याने आलापल्लीत पोकळ बांबूच पाहिला होता, साहेबांनी निवडून आणलेला. आमच्या पाहुणचाराने त्याला फसवलं होतं. खरं कळल्यावर त्याने कपाळावर हात मारला आणि कमी फाकांचं, जाड धारेचं पातं काढून दिलं. मशीनचा वेग कसा कमी करायचा ते दाखवलं. मॅन्युअलची पानं आम्ही एकेक करून सोबत वाचली.

दिवाळीच्या आत मशीन चाललं. वरच्या ऑफिसातले लोक बघायला येणार म्हणताच साहेबांनी पुन्हा कटांग बांबू मागवायला सांगितलं.

"या वेळी नाही," मी म्हटलं. "रोजचाच घालायचा."

"पाहुण्यांसमोर कशाला जोखीम?"

"मागच्या वेळी जोखीम घेतली नाही, म्हणूनच वर्षभर बंद होतं."

राधाबाईने जंगलातला साधा, वाकडा बांबू उचलला आणि आत ढकलला. सारख्या कामट्या बाहेर पडल्या. तिने दुसरा घातला, मग तिसरा. केंद्र बंद करायचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही, नंतरही नाही.

भाषणात साहेब म्हणाले, "आमच्या इंजिनिअर मॅडमना आम्ही खास समुद्रकिनारी पाठवलं होतं. थोडा हवापालटही झाला." सगळे हसले. मी हसले नाही.

नोकरीत मी एवढं शिकले. एखादी संधी आपल्याकडेच राहावी असं वाटत असेल, तर तिच्यात घाम किती आहे ते आधी सगळ्यांना सांगून टाकावं. बाकी लायकीबियकी कुणी बघत नाही. रिटायर होताना मी माझं सर्व्हिस रेकॉर्ड मागून पाहिलं. मशीनबद्दल त्यात काही नव्हतं. 'अन्य कोणीही इच्छुक नसल्याने' हे वाक्य मात्र जसंच्या तसं होतं, साहेबांच्या सहीसकट.