पायाळूचा अभ्यास

आधी माफी मागतो. लिहिण्याचा अधिकार असावा असा मी कुणी नाही. माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी जे शिकलो त्याचं नाव घरात अजून कुणाला नीट घेता येत नाही. शिवाय त्या विषयावर जाणत्या माणसांतही भांडणं आहेत. काही डॉक्टर त्याला हसतात, काही जण त्यात देव पाहतात. मी दोन्हीकडचा नाही. मी त्याचा एक विद्यार्थी होतो, तोही मधल्या बाकावरचा. तरी लिहितोय, कारण एका दुष्काळात त्या विद्येचा आणि माझ्या वडिलांच्या पाठीचा संबंध आला, आणि ते मला आजवर कुणाला तोंडानं नीट सांगता आलेलं नाही.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे, बीड जिल्ह्यात वडवणीच्या बाजूला, पायाळूला मान असतो. कमरेत उसण भरली की माणसानं पालथं पडायचं आणि पायाळूनं कमरेवर पाय लावायचा. उसण निघून जाते म्हणतात. माय आणि आबा ऊसतोडीला जायचे तेव्हा मीही त्यांच्याबरोबर कारखान्याच्या तळावर असायचो. संध्याकाळी कोप्यांच्या, म्हणजे पाचटाच्या खोपटांच्या, पुढं माणसं माझ्यासमोर पालथी पडायची. दिवसभर उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढलेली माणसं. "पाय दे रे डॉक्टर," म्हणायची. मी पाय ठेवायचो. पायाखाली पाठ तापलेली असायची, पाचटानं ओरखडलेली. एखादी बाई उठून पदर झटकत म्हणायची, "हलकं झालं गं माय." मला ते खरं वाटायचं. आजही ते खोटं होतं असं म्हणवत नाही. दुखऱ्या जागेला कुणी शिवलं की जरा हलकं वाटतंच.

बारावीनंतर फिजिओथेरपीला माझा नंबर लागला नाही. पुण्यात एका लहानशा खासगी संस्थेत कायरोप्रॅक्टिकचा अभ्यासक्रम निघाला होता. आमच्या कॉलेजातले एक सर म्हणाले, "मणक्याची विद्या आहे. हातानं करायची." मणका आणि हात हे दोन्ही शब्द माझ्या ओळखीचे होते. मी गेलो.

मला वाटलं होतं, हाडं शिकवतील. हाडं शिकवलीच, पण आधी तत्त्वज्ञान. तो विषय शिकवणारे सर परदेशात शिकून आलेले होते. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "बोट कापलं तर ते जोडतं कोण?"

"डॉक्टर," एक मुलगा म्हणाला.

"डॉक्टर टाके घालतो. जोडतं कोण?"

मग सरांनीच सांगितलं की शरीरात एक उपजत शहाणपण असतं. ते कुणी शिकवलेलं नसतं. ते मेंदूतून मज्जातंतूंच्या वाटेनं वरून खाली जातं आणि आतून बाहेर येतं. मणका जागचा जरासा सरकला की त्या वाटेत अडथळा येतो. आपण तो अडथळा हातानं दूर करायचा, बरं करण्याचं काम शरीराचं. अशी तेहतीस तत्त्वं होती आणि ती क्रमानं पाठ करायची होती. "देव तेहतीस कोटी आहेत," सर म्हणाले, "आमची तत्त्वं नुसती तेहतीस. तेवढ्यालाही रडू नका."

मला इंग्रजी जड जायचं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी एकेक तत्त्व मराठीत आणायचो. एका तासाला, कसं कोण जाणे, मी उठून बोललो. म्हणालो, "सर, म्हणजे कॅनॉलच्या चारीत ढेकूळ पडतं आणि शेवटच्या रानाला पाणी जात नाही, तसं."

"चारी म्हणजे काय बे?" मागून कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले. सर मात्र खूश झाले. त्यांनी फळ्यावर चारी काढली, ढेकूळ काढलं, शेवटी एक झाड काढलं. त्या धीरावर मी पुढचं विचारलं, "आणि धरणातच पाणी नसलं तर, सर?"

सर म्हणाले, "त्यासाठी चोविसावं तत्त्व आहे. शहाणपण पुरं असतं, पण ज्या मातीत ते काम करतं त्या मातीला मर्यादा असते. आपण तिथं पोचलो की बघू."

शरीररचना शिकवणाऱ्या मॅडम वेगळ्या होत्या. त्या म्हणायच्या, "ते तत्त्वज्ञान म्हणून वाचा. पुरावा मागायला गेलात तर कंबरदुखीपुरता थोडा हाताला लागेल, त्यापलीकडे फारसा नाही." त्यांनीच आम्हाला धोक्याच्या खुणा शिकवल्या. पाऊल उचलेनासं झालं, मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली, लघवीवरचा ताबा गेला, की मणक्याला हात लावायचा नाही. तासाचाही उशीर न करता सर्जनकडे पाठवायचं. मी दोघांचंही वहीत उतरवलं. दोघंही खरं बोलतात असं मला वाटायचं, आणि दोघं एकदम खरी कशी असतील हे कळायचं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात घरी आलो तेव्हा घराला कुलूप होतं. माय मामाकडं पाण्याच्या गावी गेली होती आणि आबा छावणीत होते. दोन वर्षं पाऊस नव्हता. आमच्या भागातला सहकारी कारखाना उसाअभावी त्या वर्षी पेटलाच नव्हता. गावच्या सोसायटीनं माळावर चारा छावणी घातली होती. लाकडी मेढी, वर हिरवी जाळी, खाली ओळीनं जनावरं आणि प्रत्येक दावणीशेजारी एकेक बाज. आमच्या दोन गाई आणि म्हैस तिथंच होती. बाहेरून ऊस यायचा, तो कोयत्यानं बारीक करून जनावरांना घालायचा. आबा बसून ऊस तोडत होते. त्यांना बसून ऊस तोडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आलास? बरं झालं," ते म्हणाले. "पाय दे बरं जरा. कंबर लई धरलीय."

"आधी पाणी पितो, आबा."

ते माझ्यासाठी टँकरकडं तांब्या घेऊन गेले. परत आले तेव्हा उजवा पाय अनवाणी होता.

"आबा, चप्पल कुठंय?"

त्यांनी खाली पाहिलं. चप्पल मागं टँकरजवळच्या चिखलात राहिली होती. "आरं तिच्यायला," ते हसले, "बंद ढिला झालाय."

मी जाऊन चप्पल आणली. बंद ढिला नव्हता.

मी त्यांना बाजेवर बसवलं. म्हणालो, "डोळे झाका. मी पायाचा अंगठा हलवितो. वर हाय का खाली, तेवढं सांगा." शेजारच्या दावणीचे काका, आमच्याच गावचे, तंबाखू मळत जवळ सरकले. "लावा पैज, भाऊ," ते आबांना म्हणाले.

मी अंगठा खाली केला. "वर," आबा म्हणाले. वर केला. "आता बी वर. न्हाई, खाली." मग मी हात काढून घेतला आणि विचारलं, "आता?"

"आता मधी हाय," आबा म्हणाले. काका खदखदून हसले. आबाही हसले, डोळे अजून मिटलेलेच.

मी विचारलं, "आबा, लघवीला कसं होतंय?"

त्यांनी डोळे उघडले. "आता बापाला ते बी इचारणार का तू?" म्हणाले आणि गाईला ऊस घालायला उठले. मला जे कळायचं ते कळलं. छावणीच्या धुळीत त्यांच्या उजव्या पावलाची रेघ उमटत होती. बाकीच्यांची पावलं उमटत होती.

मी तत्त्वज्ञानाच्या सरांना फोन लावला. चढावर गेल्याशिवाय रेंज मिळत नव्हती. सगळं ऐकून सर म्हणाले, "हात लावू नकोस. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात ने."

"सर, पण ते उपजत शहाणपण…"

"त्यालाही वाट लागते ना. वाट दबलीय. ती आपल्या हातानं मोकळी होण्यातली नाही." मग म्हणाले, "तू ओळखलंस, हे पुष्कळ आहे."

मला तसं वाटलं नाही. माझ्या शिक्षणानं मला एवढंच दिलं होतं की हे माझ्या हाताचं काम नाही, हे मला नक्की कळावं. एवढं कळायला मी घरातला पहिला माणूस पुण्याला गेलो होतो.

"दवाखान्यात चला," मी आबांना म्हणालो.

"तू कंबरंचं शिकतूस ना? मग दवाखाना कावून? पाय लाव, बस."

"पाय लावून न्हाई होणार, आबा."

काका मधेच बोलले, "भाऊ, पोरावर चिडू नका. पुस्तकाचं वारं लागलं की पायाळूचा गुण जातो. आमच्या मेव्हणीचा गेला की. ती तर चौथीच शिकलीती."

आबांना ते पटलं. चिडले नाहीत. उलट त्यांना माझी कीव आल्यासारखं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून ते दिंद्रुडकडं गेले. तिकडं एक पायाळू बाई होती, अजिबात न शिकलेली. परत आल्यावर म्हणाले, "हलकं वाटतंय." मी पायाकडं पाहिलं. रेघ तशीच होती.

मग ते अडचण सांगू लागले. सकाळी छावणीची हजेरी होते, जनावरापाशी मालक नसला की चारा बंद, जनावरं उपाशी ठेवून कसा जाऊ? मला वाटलं, एवढीच अडचण असेल तर ती सुटेल. सोसायटीचे चेअरमन हजेरीला आले तेव्हा मी पुढं झालो.

"कोण रे तू? काय शिकतूस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"म्हंजी डॉक्टर?"

"न्हाई, साहेब."

"मग कंपाउंडर?"

"न्हाई."

"मग कोण बे तू?"

"मणक्याचं शिकतो."

"हाडवैद्य म्हण की! त्याच्यासाठी पुण्याला कावून गेलतास? तेलगावात हाय की एक." सगळे हसले, मीही हसलो. मग मी विचारलं, आबांना दवाखान्यात न्यायचंय, पायाची ताकद चाललीय, तोवर हजेरीला चुलतभाऊ थांबला तर चालेल का.

"चालंल की," चेअरमन म्हणाले. "गाईला काय, चुलता असला काय, पुतण्या असला काय. ने बिनधास्त."

मी आनंदानं आबांकडं वळलो. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. चेअरमन पुढच्या दावणीकडं गेल्यावर ते हळू आवाजात बोलले.

"पायाची ताकद चाललीय म्हणून चारचौघांत सांगितलंस?"

"मग काय सांगायचं होतं?"

"मुकादम रोज चेअरमनच्याच ओट्यावर बसतूय. कोयते ठरवायलाय पुढच्या सीझनचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातला एक लंगडा म्हणल्यावर दुसऱ्याला कोण नेतूय?"

आत्ता मला खरी गोष्ट समजली. हजेरी, गाई, पायाळू बाई, हे सगळं वेळ काढणं होतं. ऊसतोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमानं त्यांचा आणि मायचा कोयता धरेपर्यंत त्यांना धडधाकट माणूस म्हणून हिंडायचं होतं. त्यांना आपल्या पायांची खबर माझ्याआधीपासून होती.

"आबा, तोवर पाय जातील."

"गेलेत का अजून? चालतूय न्हवं मी?" ते म्हणाले. "मुकादमाचं ठरू दे. मग तू म्हणशील त्या दवाखान्यात येतो. शपथ."

मी पुन्हा पुन्हा सांगितलं. गावातल्या शिक्षकांना घेऊन आलो, त्यांनीही सांगितलं. मायला फोन केला, ती फोनवर नुसती रडली. आबा ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि कोयता घेऊन ऊस बारीक करायला बसायचे. त्या दिवसापासून ते माझ्यासमोर चालायचं टाळू लागले. मी जवळ असलो की बसून असायचे. एक तत्त्व असं होतं की कुठलीही क्रिया घडायला वेळ लागतो. वर्गात ते फार सोपं वाटलं होतं, त्यावर प्रश्नसुद्धा कुणी विचारला नव्हता. बरं व्हायला वेळ लागतो, एवढाच अर्थ मी तेव्हा घेतला होता.

सुट्टी संपली, परीक्षा आली. मला जायचं नव्हतं. आबा म्हणाले, "तू हितं बसून काय करणार? पाय तर लावत न्हाईस." ते हे टोमण्यानं नाही बोलले, सरळ बोलले. चुलतभावाला सगळ्या खुणा समजावून सांगून मी एसटीत बसलो. तो माझ्यापेक्षा थोरला, शाळा अर्धवट सोडलेला. म्हणाला, "मी ध्यान ठेवतो. तू जा."

पुण्यात रोज संध्याकाळी फोन लावायचो. कधी बंद, कधी आबाच उचलून म्हणायचे, "हाय बरं." मग काही दिवस कुणीच उचलला नाही. तत्त्वज्ञानाच्या पेपरला चोविसावं तत्त्व उदाहरणासह स्पष्ट करा असं आलं होतं. मी पानं भरली. काय लिहिलं ते आठवत नाही, गुण बरे मिळाले.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो आणि चुलतभावाचा फोन आला. तो आधी पेपर कसा गेला ते विचारत राहिला. मी म्हणालो, "दादा, सांग."

मग त्यानं सांगितलं. आबा एका सकाळी बाजेवरून उठलेच नाहीत. अंथरूण ओलं होतं आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. छावणीच्या चाऱ्याच्या टेम्पोत घालून त्यांना बीडला नेलं. ऑपरेशन झालं. दबलेली शीर मोकळी केली म्हणाले, पण लई उशीर झाला, आता पाय यायचे न्हाईत. तुला सांगू नका, त्याचा पेपर हाय, असं आबाच म्हणाले होते.

मी विचारलं, माय कुठंय.

"काकू दवाखान्यातच हाय," तो म्हणाला. "मुकादम येऊन गेला. काकू आन मी, आमचा एक कोयता धरलाय त्यानं."